गुडरम यांच्या कुरणातला खजिना

जमिनीतून काही काढायचं असेल तर परवानगी लागते, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. जमिनीत काही घालायचं असेल तर कोणाला विचारायचं, हे मात्र कोणालाच सांगता येईना. शेवटी मी जिल्हा कार्यालयात फोन केला.

"मला काही पुरायचंय," मी म्हणाले.

"मृताचं नाव?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"मृत कोणी नाही. नाणी आहेत."

बाईंनी मला कचरा विभागाशी जोडून दिलं. कचरा विभागातले गृहस्थ फार सज्जन होते. दुसऱ्याच्या रानात धातूची वस्तू टाकणं गुन्हा आहे, असं त्यांनी सांगितलं. पण वस्तू अवजड असेल, म्हणजे फ्रीज वगैरे, तर ते स्वतः गाडी पाठवतात. मी म्हटलं, माझी वस्तू नखाएवढी आहे. "मग तुम्हीच घेऊन या," ते म्हणाले. "फक्त बुधवारी नको. बुधवारी बंद असतं."

नाणी नऊ होती, चांदीची, हातोड्याने ठोकून पाडलेली, कागदासारखी पातळ. प्रत्येकावर एकेक राजा, आणि प्रत्येक राजाचा चेहरा पोराने बटाट्यावर काढल्यासारखा. माझे बाबा, क्लिफ थर्केटल, निम्मं आयुष्य मिस्टर गुडरम यांच्या रानातून कानाला हेडफोन लावून आणि धातुशोधक यंत्र जमिनीवरून झाडूसारखं फिरवत चालले. मिळाल्या त्या बहुतेक शीतपेयाच्या कॅनच्या ओढायच्या चाव्या, बंदुकीच्या काडतुसांची बुडं आणि आमच्या इंग्लंडातल्या सफक जिल्ह्यातल्या समस्त पुरुषांच्या विजारींची बटणं. मधूनच, कधी तीन वर्षांनी, कधी पाच, एखादं नाणं. एकटं सापडलेलं नाणं कायद्याने खजिना होत नाही. ते शेताच्या मालकाला दाखवायचं, तो "ठेव" म्हणाला तर ठेवायचं, अशी रीत आहे. बाबांनी ती नाणी एका लोकरी मोज्यात ठेवली आणि मोजा शेडमधल्या रंगाच्या डब्यामागे. लपवण्याचं कारण आई. आई चमचे, दाराची कडी, पितळी घोडे, जे हाती लागेल ते पॉलिश करते. एका राजाचं नाक तिने फार पूर्वी पुसून काढलं होतं.

एप्रिलमध्ये, हॉस्पिटलात, आई चहा आणायला गेलेली असताना बाबा म्हणाले, "ती परत ठेवून दे, हेस्टर. मी फक्त हवा खायला बाहेर काढली होती." मी हो म्हटलं. त्या खोलीत माणूस कशालाही हो म्हणतो, पण बाबांना माझा खरा हो आणि खोटा हो यातला फरक कळत असे. तेव्हा तो खराच द्यावा लागला.

बाबा गेल्यावर आमच्या, धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या शोधकर्‍यांच्या मंडळाचे अध्यक्ष लेन कॅचपोल यांना विचारणं भाग होतं. मी गोल गोल विचारलं, की समजा एखाद्याला रानात जायची परवानगी होती आणि तो माणूस राहिला नाही, तर त्याच्या मुलीला ती चालते का?

"परवानगी ही कवळीसारखी असते, हेस्टर," लेन म्हणाले. "ज्याची त्याची. वारसाच्या तोंडात बसत नाही."

म्हणजे मिस्टर गुडरम यांना नव्याने विचारायला हवं. मिस्टर गुडरम यांच्याबद्दल गावात असं म्हणतात, की त्यांनी पूर्ण वाक्य शेवटचं उच्चारलं ते लग्नात, आणि तेही पाद्र्याच्या मागून. मी एक छोटं भाषण तयार केलं. त्यात दोन ठिकाणी विनोद होता. मे महिन्यातल्या एका सकाळी मी मोजा खिशात घालून, फुलांचे कांदे लावायचं नळकांडं हातात घेऊन निघाले, तर कुंपणापाशी शेजारच्या मिसेस स्माय उभ्याच.

"डॅफोडिल?" त्यांनी नळकांड्याकडे पाहिलं.

"साधारण."

"मे महिन्यात? अगं बाई, कांदे तर हिवाळ्याआधी लावतात. तुझी आई काही सांगत नाही का तुला? टोक वर ठेव. आणि एकमेकांपासून लांब लाव, नाहीतर सगळे एकत्र कुजतात."

हा सल्ला मी ऐकायला हवा होता. पुढचं सगळं रामायण न ऐकल्यामुळेच घडलं.

मिस्टर गुडरम घरी नव्हते. दूर टेकाडावर त्यांचा ट्रॅक्टर चालला होता. मी हात हलवला. त्यांनी स्टिअरिंगच्या चाकावरून एक बोट उचललं. आमच्या भागात चाकावरून उचललेल्या बोटाला फार अर्थ असतात. त्याचा अर्थ राम राम होतो, पाऊस येतोय असा होतो, तुमच्या मावशीचं कळलं, वाईट झालं, असाही होतो. मी ते परवानगी म्हणून घेतलं. परक्या माणसाने ही चूक केली नसती. त्याने बोटाला बोट समजून पुढे जाऊन विचारलं असतं.

मनात योजना अशी होती, की खालच्या कुरणात नऊ वेगळ्या जागी नऊ नाणी घालायची. म्हणजे नऊ वेळा वाकायचं, नऊ वेळा गवताची चकती काढून परत दाबायची, आणि मधे मधे योग्य ते विचार करायचे. पहिला खड्डा झाला. मी मान वर केली, तर माझ्याभोवती गोऱ्ह्यांचं रिंगण. तरुण, काळे, ओल्या नाकांचे. गोऱ्हा माणसाला काही करत नाही, त्याला फक्त माहिती हवी असते. पण वीस-पंचवीस जणांना एकाच वेळी, एकाच विषयाची माहिती हवी असली, की परिस्थिती बिकट होते. एकाने माझा कान चाटला. मी त्यांना सुप्रभात म्हटलं. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, आणि त्यातल्या एकातही अशा वेळी दुसरं काय म्हणावं हे दिलेलं नाही. मागून कोणीतरी कोटाला ढुशी दिली. मी मोजा खड्ड्यावर उलटा करून झटकला, नऊच्या नऊ राजे आत गेले, मी चकती टाचेने दाबली आणि निघाले. पळाले नाही. भराभर चालले. मोजा एका गोऱ्ह्याच्या तोंडात राहिला. तो काही मागण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

निदान वचन पाळलं होतं. जरा घाईत, पण पाळलं होतं.

सप्टेंबरात लेन घरी आले. चेहरा उजळलेला. "गुडरमने खालचं कुरण एक दिवस मंडळाला दिलंय," ते आईला म्हणाले. "क्लिफच्या आठवणीसाठी. सगळे येणार. तुम्ही दोघींनी चहाचं बघाल का?"

खालचं कुरण खूप मोठं आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि लोकांना काही सापडत नाही. काही न सापडणं हाच या छंदाचा गाभा आहे. बाबा म्हणत, मासे पकडायला जाणारा निदान ओला तरी होतो.

त्या दिवशी ऊन होतं. आई आणि मी लांब टेबल मांडून चहा आणि सॉसेज रोल वाटत होतो, आणि मंडळाचे चाळीसेक सभासद कुरणावर मान खाली घालून फिरत होते, जणू सगळ्यांना एकाच वेळी काहीतरी आठवत नव्हतं. त्यात मिस्टर ऑल्डर्टन होते. हे निवृत्त दंतवैद्य. उन्हाळ्यात मंडळात आले, आल्या आल्या सगळ्यांत महाग यंत्र घेतलं, आणि तोवर फक्त कॅनच्या चाव्या मिळवल्या. तरी उत्साह तसाच. "आयुष्यभर लोकांच्या खड्ड्यात चांदी भरली," ते प्रत्येकाला सांगत. "आता काढायची म्हणतो."

ते माझ्या दिशेने येताना दिसले तेव्हाच मला कळलं. यंत्र कुठेतरी टाकून दिलेलं, गुडघे चिखलाने माखलेले, दोन्ही हातांची ओंजळ. ते टेबलापाशी आले. ओंजळ माझ्यासमोर धरली. मग सत्तरीच्या घरातला तो माणूस सरळ रडायला लागला.

लेननी टोपी काढली. "नऊ," ते हलकेच म्हणाले. "एकाच खड्ड्यात. देवा."

मी साखरेच्या भांड्यात चहा ओतत होते. मी तोंड उघडलं. पण तोवर सगळं मंडळ धावत आलं, ऑल्डर्टनना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला, तो फसला, आणि आई माझ्या कानात म्हणाली, "क्लिफ असायला हवा होता गं आज." मी साखरेचं भांडं पुसायला घेतलं.

एकापेक्षा जास्त जुनी चांदीची नाणी एकत्र सापडली, की ते प्रकरण सरकारी होतं. जिल्ह्याच्या शोधवस्तू अधिकारी इमोजेनबाई आल्या. जागेभोवती अडवणाऱ्या पट्ट्या लागल्या. माझ्या नळकांड्याच्या खड्ड्याभोवती बाथटबएवढा खड्डा खणला गेला आणि त्यातली माती दोन पदवीधरांनी चाळली. मिळालं ते बाटलीचं एक झाकण. पण नाण्यांना चिकटलेले काही तंतू इमोजेनबाईंनी चिमट्याने काढून काचेवर ठेवले. "लोकर," त्या म्हणाल्या. "पिवळा रंग दिलेली. थैलीचा अवशेष असू शकेल. असं टिकलेलं फार क्वचित बघायला मिळतं."

स्थानिक पेपरात मिस्टर ऑल्डर्टन यांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'दंतवैद्याने उपटला राजांचा खजिना'. मिसेस स्माय तो पेपर घेऊन आमच्याकडे आल्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "लोक कुरणात काय काय पिकवतात. तुझं एक डॅफोडिल आलं नाही."

खरं सांगायचं मी तीनदा ठरवलं. पहिल्यांदा सांगायला गेले, तर ऑल्डर्टन त्यांच्या बहिणीला कॅनडात फोनवर नाण्यांचं वर्णन करत होते, आणि मधे मधे त्यांचा आवाज चिरकत होता. दुसऱ्यांदा इमोजेनबाईंना फोन केला, तर कागदपत्रं लंडनला गेली होती. तिसऱ्यांदा लंडनला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की माझ्या खजिन्याबद्दल अभिनंदन, आणि नंबर लागायला वेळ लागेल.

त्या वेळात घोटाळा पिकला. तज्ज्ञांना एक गोष्ट खटकत होती. नऊ नाणी म्हणजे नऊ राजवटी, आणि पहिल्या नाण्यापासून शेवटच्यापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षं. "ज्याने कोणी ही साठवली," इमोजेनबाई मंडळाच्या बैठकीत म्हणाल्या, "तो बचत फार सावकाश करणारा माणूस असावा." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. "दुसरी शक्यता मला आवडत नाही. ही नाणी आजच्या काळात, वेगवेगळ्या शेतांतून, कोणीतरी न विचारता काढलेली असावीत. आणि लपवून ठेवलेली."

खोलीत एकदम थंडी आली. अशा माणसांना आमच्यात निशाचर म्हणतात. अंधारात, मालकाला न सांगता, दुसऱ्याच्या रानात शिरून खणणारे. शोधकर्‍यांच्या जगात याहून खालची पायरी नाही. चोराला निदान घर तरी फोडावं लागतं.

पुढच्या आठवड्यात लेन आले. टोपी हातात, नजर पायपुसण्यावर. "मी नाही म्हणत, बेरिल," ते आईला म्हणाले. "पण लोक बोलतात. त्या कुरणात जायची परवानगी इतक्या वर्षांत एकट्या क्लिफलाच होती. मग तिथे लपवणार दुसरं कोण?"

आईने त्यांना दारापर्यंत पोचवलं. लेन गेल्यावर तिने कप धुतले. मग ते धुतलेले कप पुन्हा धुतले.

इथवर मी ही गोष्ट हसत सांगितली, कारण इथवर पणाला लागली होती ती माझी अब्रू, आणि ती मी गोऱ्ह्यांमध्येच सोडून आले होते. आता बाबांचं नाव पणाला लागलं होतं. फाटक ओढून न घेता ज्याने कधी कोणाचं कुरण सोडलं नाही, त्या माणसाचं. मी आईला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मोजा कुठला?" तिने विचारलं.

"मोहरीच्या रंगाचा."

"त्याच्या जोडीदाराला घेऊन मी सगळं घर पालथं घातलं." मग म्हणाली, "मला का नाही सांगितलं त्याने?"

"तू पॉलिश केली असतीस."

तिने न्यायाने विचार केला. "केली असती," ती म्हणाली.

इमोजेनबाईंनी आमचं म्हणणं ऐकलं आणि सांगितलं, की प्रकरण आता चौकशी करणाऱ्या सरकारी कॉरोनरकडे आहे, जे सांगायचं ते तिथे शपथेवर सांगा, आणि साक्षीदार असतील तर आणा. साक्षीदार पंचवीसेक होते, पण ते ख्रिसमसच्या आतच बाजारात गेले होते. मी मिस्टर गुडरम यांच्या दारी गेले, तयार केलेलं भाषण विनोद वगळून म्हटलं, आणि त्यांच्या बोटाला मी परवानगी समजले याबद्दल माफी मागितली.

"हं," मिस्टर गुडरम म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

कॉरोनर हे आमच्याकडचं विचित्र पद आहे. अचानक मेलेली माणसं आणि अचानक सापडलेला खजिना, दोन्ही एकाच साहेबांच्या टेबलावर जातात. दोन्ही वेळा प्रश्नही तेच, कोण, कुठे, केव्हा, कसं. पुढच्या नोव्हेंबरात आमचा नंबर लागला. साहेब म्हणजे एक बाई होत्या, चष्मा कपाळावर, स्वभाव कोरडा. साक्षीदाराच्या टेबलावर कागदी रुमालांचा खोका होता. तो मेलेल्यांच्या नातलगांसाठी असणार. मी तो जरा पलीकडे सरकवला.

मागे सगळं मंडळ बसलं होतं, धुतलेल्या शर्टांत, लग्नाला आल्यासारखं. मी जे घडलं ते सांगितलं. गोऱ्ह्यांपाशी आल्यावर कॉरोनरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुम्ही सुप्रभात म्हणालात."

"हो."

"याला काही आधार? सुप्रभातला नव्हे. एकूण हकिकतीला?"

आई उठली. कोणी बोलावलं नव्हतं. तिने पर्समधून दुसरा मोजा काढला आणि इमोजेनबाईंच्या काचेच्या पट्टीशेजारी ठेवला. "हा उजवा," ती म्हणाली. "मी विणलाय. धुतलेला आहे."

इमोजेनबाई भिंगातून बघत राहिल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तीच लोकर आहे," त्या म्हणाल्या. "थैलीचं मत मी मागे घेते."

मागच्या बाकांवर हशा पिकला. कॉरोनरबाईंनी तो शांत होऊ दिला. "याने इतकंच सिद्ध होतं, की नाणी मिस्टर थर्केटल यांच्या मोज्यात होती," त्या म्हणाल्या. "मोज्यात ती कशी आली, हा प्रश्न राहतोच. आणि तोच मला सोडवायचाय."

हशा थांबला. मला ज्याची भीती होती ते हेच. यावर माझ्याकडे बाबांच्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि बाबांचा शब्द आता माझ्याच तोंडून येणार होता.

तेव्हा सगळ्यांत मागच्या बाकावर एक बोट वर झालं. हात नाही, बोट.

"आपल्याला काही सांगायचंय का?" कॉरोनरबाईंनी विचारलं.

मिस्टर गुडरम उठले. पुढे आले, शपथ घेतली आणि खोलीकडे पाठ करून उभे राहिले. "दाखवली त्याने मला," ते म्हणाले.

"कोणती?"

"सगळी. जशी सापडली तशी. मागच्या दारी यायचा, बूट काढून. तळहातावर धरायचा. म्हणायचा, हे तुझं. मी म्हणायचो, ठेव." ते थांबले. एवढं बोलल्यावर दम लागणं साहजिक होतं. "एकदा मी जेवत होतो. तर माझं होईपर्यंत पावसात उभा राहिला."

"आणि मिस थर्केटल पुरायला आल्या तेव्हा?"

"ट्रॅक्टरवर होतो. दिसत होती. गोऱ्ह्यांशी गप्पा मारत होती."

"मिस्टर गुडरम," कॉरोनरबाई म्हणाल्या, "मग तुम्ही वर्षभर गप्प का राहिलात?"

"विचारलं नाही कोणी."

"हा खजिना ठरला असता तर मोबदल्यात तुमचा निम्मा वाटा होता, याची तुम्हाला कल्पना आहे?"

मिस्टर गुडरम यांनी प्रश्न नीट पारखून पाहिला. "माझं काही हरवलं नव्हतं," ते म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

कॉरोनरबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं, की ज्या वस्तूचा मालक माहीत आहे तो खजिना होत नाही, ही नाणी रीतीप्रमाणे मिळवलेली आहेत आणि मालकाचं नाव क्लिफर्ड थर्केटल. बाबांचं पूर्ण नाव त्यांनी दोनदा वाचलं, बहुधा नोंदीसाठी. 'खजिना नाही' या निकालावर टाळ्या पडल्याचं मंडळाच्या इतिहासात पहिलंच उदाहरण. पहिली टाळी ऑल्डर्टन यांची होती.

बाहेर जिन्यावर मी त्यांना गाठलं. मी माफी मागायला लागले.

"अहो, काय मनाला लावून घेता," ते म्हणाले. "चाळीस वर्षं माणसं माझ्यासमोर रडली, सगळी दुखतंय म्हणून. त्या दिवशी मी रडलो तो आनंदाने. ते काही कॉरोनरला परत घेता येत नाही."

लेन आईसमोर टोपी पिळत उभे होते. आईने त्यांना जरा पिळू दिली, मग घरी चहाला बोलावलं. नाणी एका सरकारी पाकिटात माझ्या हातात होती. नऊ राजे जिथून निघाले तिथेच परत येऊन ठेपले होते. ती पुन्हा पुरायची, आणि या वेळी एकेक करून, हे उघड होतं. मिस्टर गुडरम खाली गाडीकडे निघाले होते. मी मागे धावले. या वेळी बोटावर भागवायचं नाही, तोंडाने विचारायचं, असं ठरवलं होतं.

"मिस्टर गुडरम, खालच्या कुरणासाठी परवानगी हवी होती. बाबांची होती, पण ती आता..."

"मंगळवारी गुरं वर नेतोय," ते म्हणाले. "मोकळं असेल."

"हो, पण परवानगी..."

त्यांनी गाडीचं दार उघडलं, माझ्याकडे न बघता. "ती क्लिफला दिलीय, पोरी. तो गेल्याचं मला लेखी कोणी कळवलेलं नाही."

गाडी गेली. मी जिन्यापाशी परत आले. सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि कागदी रुमालांचा तो खोका वर खोलीत राहिला होता. आईने पुढे होऊन माझा दंड धरला.

"फुलांच्या परागकणांनी तिचे डोळे वाहतात," ती सगळ्यांना म्हणाली. नोव्हेंबर महिना होता, आणि आजूबाजूला दगडाशिवाय काही नव्हतं. मंडळातल्या एकूण एक माणसाने समजूतदारपणे मान हलवली.